चक्कर कानाची, खापर नशिबावर!

परांचीवर उभ्या असलेल्या मजुराला एकाएकी चक्कर येते. भोवतालचे जग गरगर फिरते, कानात घूं असा आवाज घुमतो, उलटी होते. मुकादम म्हणतो, दारू प्यायला असेल. घरचे म्हणतात, बाहेरची बाधा आहे. मजुरी बुडते आणि अंगारे-धुपारे सुरू होतात. हा आजार कानाचा असू शकतो, हे त्याला कोणीच सांगत नाही!

कान केवळ ऐकण्यासाठी नाही. तोल सांभाळणारी यंत्रणाही आतल्या कानातच असते. अशी चक्कर कानातून उद्भवते, हे प्रॉस्पर मेनिएर या फ्रेंच डॉक्टरने १८६१ साली पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे मांडले. त्याला दीडशेहून अधिक वर्षे लोटली, तरी आमच्या वस्त्यांत ही चक्कर अजून भुताच्याच नावावर खपते.

निदानात खरी अडचण आहे. झटका येतो तेव्हा बुबुळे आपोआप हिसके देत सरकतात. हाच आजाराचा पुरावा. पण झटका ओसरल्यावर रुग्ण दवाखान्यात पोचतो, तेव्हा डोळे शांत झालेले असतात. पुरावा नाहीसा झालेला असतो!

यावर इंग्लंडमधील ईस्ट अँग्लिया विद्यापीठ व नॉर्विचच्या रुग्णालयातील संशोधकांनी उपाय शोधला. त्यांचे ‘कावा’ हे छोटे यंत्र अंगावर बाळगायचे आणि त्याचे इलेक्ट्रोड चेहऱ्यावर चिकटवायचे. दिवसाचे २३ तास, ३० दिवसांपर्यंत ते डोळ्यांच्या व डोक्याच्या हालचाली नोंदवते. घरी वा कामावर झटका आला, तरी पुरावा डॉक्टरांच्या हाती राहतो.

असे काम आपल्या देशाला अशक्य आहे काय? मुळीच नाही. नवजात बाळाच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून श्रवणशक्ती तपासणारे ‘सोहम’ हे यंत्र आपल्याच देशात तयार झाले आणि २०१७ साली त्याचे लोकार्पण झाले. प्रश्न बुद्धीचा नाही, यंत्र कोणासाठी बनवायचे याचा आहे.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. यंत्र बनवताना वातानुकूलित खोलीतला रुग्णच डोळ्यापुढे ठेवू नका. उन्हातल्या घामाने सुटणार नाही अशी चिकटपट्टी हवी. वापराच्या सूचना मराठीत हव्यात. यंत्र विकत घ्यायला न लावता सरकारी दवाखान्यातून महिनाभरासाठी मोफत मिळाले पाहिजे. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे शासनाचे कर्तव्य असल्याचे संविधानाचे ४७वे कलम सांगते. ते कागदावर ठेवण्यासाठी लिहिलेले नाही.

आणि आपल्या माणसांना आमचे एकच सांगणे आहे. चक्कर वारंवार येत असेल, तर देवऋषाचा उंबरठा झिजवू नका. उंचीवरचे काम थांबवा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाला गाठा. यंत्र येईल तेव्हा येईल. अंधश्रद्धा आजच सोडता येते!