आरोपी मांजर, फरार गादी

घरात कुणी दोनदा शिंकलं, की सोसायटीतल्या समस्त काकू एकमुखाने निकाल देतात, ‘आधी ते मांजर हाकला!’ गादीला मात्र कुणी काही बोलत नाही.

मी मांजरवाली आहे, तेव्हा वकिली करणारच. पण पुरावा आधी मांजराविरुद्धचा. केस बिचारे निर्दोष असतात. खरा लोच्या आहे मांजराच्या लाळेतल्या आणि त्वचेतल्या ‘फेल डी १’ नावाच्या प्रथिनाचा. मांजर दिवसभर अंग चाटतं (एवढं ग्रूमिंग आपल्या एचआरवालीलाही जमत नाही), लाळ वाळते आणि तिचे अतिबारीक कण तासन् तास हवेत तरंगतात. कपड्यांना चिकटून ऑफिसातही येतात. म्हणजे मांजर तुमच्या घरी आणि नाक चोंदलंय शेजारच्या क्युबिकलमध्ये! आणि हो, ‘या ब्रीडची अ‍ॅलर्जी होतच नाही’ म्हणून महागडा कुत्रा गळ्यात मारणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

माझ्या एका मैत्रिणीचं लग्न ठरलंय. मुलाला दमा आणि तिच्या वन बीएचकेमध्ये सात वर्षांचा बोका. हा घरी आला, की तासाभरात छातीत शिट्टी वाजायला लागते. सासरची अट एकच, बोका नको. तिने रडून घर डोक्यावर घेतलं. मी म्हटलं, बाई गं, आधी टेस्ट तर करा. हातावर वेगवेगळ्या अ‍ॅलर्जनचे थेंब टाकून हलकं टोचतात, १५-२० मिनिटांत गांधी उठते की नाही ते बघायचं. बस.

रिपोर्टमध्ये मांजर निघालंच. पण त्याहून मोठी गांधी धुळीतल्या माइट्सची होती, आणि एक झुरळांची!

बोका गेल्या रविवारी तिच्या आईकडे नाशिकला गेला. मांजर नडतंय हे नक्की असेल आणि दमा आटोक्यात नसेल, तर दुसरा चांगला उपाय नाही. बेडरूमचं दार लावून भागत नाही. पण बोका गेला म्हणजे प्रश्न मिटला, असं नाही. ते प्रथिन सोफ्यात आणि पडद्यांत ४ ते ६ महिने ठाण मांडून बसतं. आणि गादी तर घरातच आहे. माइट्स आपल्या अंगावरून झडलेल्या त्वचेवर जगतात आणि दमट हवा त्यांना भलतीच मानवते. मुंबईचा पावसाळा म्हणजे त्यांची दिवाळीच. चादरी, उशांचे अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा. भिंतीची ओल काढा. झुरळांसाठी स्प्रे नको, जेल लावा. आणि डासांची कॉइल? २००३ मधल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले होते. मांजराला नाकं मुरडणाऱ्या घरात ती रोज संध्याकाळी पेटते!

राहता राहिला पंप. त्याची ‘सवय लागते’ हा आपल्याकडचा लाडका गैरसमज. रोजचा प्रिव्हेंटर श्वासनलिकेची सूज आटोक्यात ठेवतो. बरं वाटलं म्हणून तो परस्पर बंद करायचा नसतो. या मुलाचा पंप चार महिने बंद होता. स्थळं बघायला सुरुवात झाली, तेव्हा त्याच्या आईनेच तो कपाटात ठेवून दिला होता.