शेतकऱ्याच्या खिशांतील चाकू

शेतकऱ्यानें खिशांत मिटता चाकू बाळगावा कीं नाहीं, हा प्रश्न वाचकांस प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटेल. खतांचे भाव, पाण्याच्या पाळ्या, पीकविमा असे विषय समोर पडले असतां एका चाकूसाठीं मासिकाचीं पानें कशास खर्चावीं, असेंहि कोणी म्हणेल. परंतु गेल्या भाद्रपदांत माझा स्वतःचा चाकू मुंबईंत ज्या रीतीनें गेला, त्यावरून या लहानशा वस्तूविषयीं गांवच्या आणि शहरच्या, दोन्हीं बाजूंच्या लोकांचे विचार गोंधळलेले आहेत अशी माझी खात्री झाली, म्हणून चार शब्द लिहीत आहें.

प्रस्तुत लेखक महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला आहे. श्रीवर्धन तालुक्यांत वडिलोपार्जित सुपारी-नारळाची लहान वाडी आहे. वर्षांतील कांहीं महिने वाडींत आणि बाकीचे लालबागेंत मुलाकडे, असा माझा मुक्काम असतो. आमच्या चाळींतील बहुतेक घरांची हीच तऱ्हा. गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकामागून एक मिटल्या, तरी गिरणगांवांतील माणसाचा एक पाय अजून कोंकणांत वा घाटावर आहेच. गणपतीस आणि शिमग्यास तो गांवीं जातो, नांगरणी-लावणीचे पैसे येथून पाठवतो, आणि सात-बाऱ्यावरील आपलें नांव जपतो.

तर झालें असें. गौरी-गणपति आटोपून मी गांवाहून परतलों, आणि दुसऱ्याच दिवशीं परळ येथील एका रुग्णालयांत पडलेल्या चुलत भावास पाहावयास गेलों. परळांत रुग्णालयें अनेक आहेत, कोणतें तें सांगण्याचें कारण नाहीं. भाऊ गांवीं शेतीच करतो. त्यास सोलून द्यावीं म्हणून पिशवींत चार मोसंबीं घेतलीं होतीं, आणि चाकू नेहमींप्रमाणें खिशांत होता. दारांतील रक्षकानें अंगावरून यंत्र फिरवलें, तें वाजलें.

“काका, खिशांत काय आहे?”

“चाकू आहे. मोसंबीं सोलायला.”

“आंत नेतां येणार नाहीं.”

मीं पुष्कळ समजावून पाहिलें. तो तरुण मुलगा उद्धट मुळींच नव्हता. “आमच्याहि घरीं शेती आहे काका, मला कळत नाहीं असें नाहीं. पण नियम आहे,” असें म्हणून त्यानें टेबलाचा खण उघडला. मीं चाकू त्यांत ठेवला आणि आंत गेलों. पावती मागितली नाहीं. सारी नोकरी ज्यानें लोकांना ‘पावती जपून ठेवा’ असें सांगण्यांत घालविली, त्यास स्वतःच्या वेळीं तेवढेंच सुचलें नाहीं. संध्याकाळीं परत येतों तों पाळी बदललेली, खण रिकामा. नव्या रक्षकास कांहींच ठाऊक नव्हतें. आमच्या खात्याच्या भाषेंत सांगावयाचें तर मालकी माझी राहिली आणि वहिवाट भलत्याकडे गेली. मोसंबीं भावानें नखांनीं सोललीं.

घरीं येऊन हकीकत सांगितली, तेव्हां सूनबाई म्हणाल्या, “बाबा, मुंबईंत खिशांत चाकू घालून कोण हिंडतें?” या प्रश्नास मला तेव्हां उत्तर देतां आलें नाहीं. तें आतां देतों. मात्र त्याचा आरंभ गांवापासून केला पाहिजे, कारण खिशांतील चाकूचें खरें घर तेथेंच आहे.

कोंकणांतील जुना शेतकरी कमरेला आकडी आणि आकडींत कोयती अडकवल्याशिवाय घराबाहेर पडत नसे. आकडी गेली, लेंगा आणि पँट आली, आणि त्याबरोबर माणसाच्या अंगावर हत्यार असण्याची संवयहि गेली. परिणाम असा कीं आजचा शेतकरी बांधावर उभा असतां त्याच्या जवळ हजारों रुपयांचा मोबाईल असतो, परंतु दोरी कापावयास कांहीं नसतें. मग तो दांत वापरतो. ठिबकच्या नळीचें टोंक दांतानें ओढणें एक वेळ चालेल. परंतु फवारणीच्या औषधाची पुडी दांतानें फाडतांना मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे, एकदां नव्हे, अनेक वेळां. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर फवारणी करतां करतां वीसेक शेतकरी-मजूर विषबाधेनें दगावले. त्याचें कारण दांतानें पुडी फाडणें होतें असें माझें म्हणणें नाहीं. तथापि जें विष श्वासावाटे आणि कातडीवाटे माणूस मारूं शकतें, तें आपण होऊन ओठांस लावावयाचें आणि तें एवढ्यासाठीं कीं खिशांत चाकू नाहीं, यास काय म्हणावें? अर्थात् ज्या पात्यानें औषधाची पुडी कापली, त्यानें पुढें पेरू चिरूं नये. चाकूस दोन पातीं असावीं, त्यांतील लहान पातें औषधासाठीं राखून ठेवावें आणि मोठें खाण्याच्या वस्तूंसाठीं. मी स्वतः असेंच करीत असें.

दुसरी गोष्ट माझ्या वाडींतील. आषाढांतील रात्र, पाऊस मुसळधार, आणि गोठ्यांतून एकाएकीं धडपड ऐकूं आली. पाहतों तों वासरूं दाव्यांत पाय अडकून पडलेलें, सुंभाचें दावें भिजून मानेभोंवतीं आवळलेलें, डोळे पांढरे झालेले. ओल्या सुंभाची ताणलेली गांठ बोटांनीं सुटत नाहीं हें शेतकऱ्यास सांगावयास नको. कोयती पडवींत होती, पण वासराच्या मानेशीं अंधारांत कोयती चालविण्याचें धैर्य मला झालें नाहीं. खिशांतील चाकूचें तीन इंची पातें दाव्याखालीं सरकवून धार बाहेरच्या बाजूस केली आणि दावें तोडलें. तें वासरूं पुढें चार वेळां व्यालें.

आतां चाकू कसा असावा. अनेक कामांचा मिटता चाकू म्हटला कीं लोक स्विस चाकूचें नांव घेतात, आणि त्याचा इतिहास आपणांस उपयोगी पडण्यासारखा आहे. स्वित्झर्लंडांत इबाख येथें कार्ल एल्सनर यानें १८८४ सालीं चाकूचा कारखाना काढला आणि १८९१ पासून स्विस सैन्यास चाकू पुरविण्यास आरंभ केला. त्या शिपायाच्या चाकूंत चारच वस्तू होत्या: पातें, टोचा, डबा उघडण्याचें हत्यार आणि पेचकस. पेचकस अशासाठीं कीं शिपायास मिळालेली नवी बंदूक खोलण्यास तो लागे. म्हणजे शिपायाचें काम काय तें अगोदर पाहिलें, मग चाकू घडविला. १८९७ सालीं अधिकाऱ्यांसाठीं हलका चाकू निघाला, त्यांत दुसरें लहान पातें आणि बूच काढण्याचा मळसूत्री आंकडा आला. पुढें एल्सनरच्या आईचें व्हिक्टोरिया हें नांव आणि न गंजणाऱ्या पोलादाचें ‘इनॉक्स’ हें नांव जोडून कारखान्याचें व्हिक्टोरिनॉक्स हें नांव झालें. अमेरिकेंत टिम लेदरमन यानें १९८३ सालीं निराळाच प्रकार विकावयास काढला. त्यांत पक्कड मुख्य, आणि बाकीचीं हत्यारें तिच्या मुठींत मिटलेलीं असतात.

आमचे लोक चाकू घेतांना आपलें काम पाहत नाहींत, हत्यारें मोजतात. वीस हत्यारांचा चाकू घेतात, तो खिशास जड होतो, मग घरांत कपाटांत पडतो, आणि बांधावर पुन्हां दांतच. माझ्या मतें शेतकऱ्यास दोन पातीं, एक लहान करवत, एक टोचा आणि एक पेचकस पुरे. टोच्यास नेढें असल्यास फाटकी गोणी जागच्या जागीं शिवतां येते. मळसूत्री आंकडा मी प्रथम निरुपयोगी समजत असें, कारण बाटलीचें बूच काढण्याशीं आमचा संबंध नाहीं. पण आवळलेल्या गांठींत तो फिरवून ओढला कीं गांठ सैल होते आणि दोरी वांचते, हें मला एका मच्छिमारानें दाखविलें. घाई नसेल तेव्हां दोरी कापूं नये, ती पैशानें येते.

या चाकूच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. कलमें बांधण्यास तो घेऊं नये. कलमाच्या चाकूची धार एकाच बाजूनें उतरती असते, त्यामुळें काप सपाट येतो आणि खुंटाची व काडीची अंतरसाल एकमेकींस नीट भिडते. साध्या चाकूस दोन्हीं बाजूंनीं उतार असतो, काप किंचित् गोलसर येतो, मध्यें फट राहते आणि कलम वाळतें. आंब्याचें कोय कलम करणाऱ्यांनीं तर हें विशेष ध्यानांत धरावें, कारण कोवळें रोप दुसऱ्यांदां कापण्यास जागा देत नाहीं. दुसरें असें कीं पंपाच्या स्टार्टरच्या पेटींत हें हत्यार घालूं नये. याच्या मुठी बहुधा धातूच्या असतात किंवा आंतून धातूच्या असतात, विजेस त्या अडवीत नाहींत. तिसरें, मोठ्या कामाची आशा त्याजकडून करूं नये. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनाच्या बाजूस किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, रस्ते झाडांनीं बंद झाले आणि वीज कित्येक दिवस नव्हती. पंचनाम्याच्या कामावर मी होतों. माझ्या चाकूनें त्या दिवसांत ताडपत्रीच्या दोऱ्या कापल्या, डबे उघडले, पेन्सिलींस टोंक केलें. झाडें मात्र कोयतीनें, कुऱ्हाडीनें आणि यांत्रिक करवतीनेंच तोडलीं गेलीं.

धारेविषयीं एकच सांगतों. गिरगांवच्या वाड्यांतून आणि दादरच्या गल्ल्यांतून सायकलीवर चाक फिरवून धार लावणारे क्वचित् अजून दिसतात. कात्री आणि विळी त्यांच्याकडे खुशाल द्यावी. मिटता चाकू देऊं नये. फिरत्या दगडावर पातळ पातें तापतें आणि झिजतें. घरीं सपाट दगडावर पाणी टाकून दहा मिनिटें हातानें घांसावा.

आतां सूनबाईंच्या प्रश्नाकडे येतों. मुंबईस चाकूचें भय वाटतें तें अगदींच निष्कारण नाहीं. रामपूरचा खटक्याचा चाकू हिंदी चित्रपटांनीं गुंडाच्या हातीं दिला आणि तेव्हांपासून चाकू म्हटला कीं शहरच्या माणसास तोच आठवतो. पुण्याकडे तर गेल्या कांहीं वर्षांत ‘कोयता गँग’ असा शब्दच रूढ झाला. आमच्या उंसाच्या फडांतील हत्याराचें नांव गुन्ह्याच्या बातमींत वाचतांना मला वाईट वाटतें, पण ज्याच्या घरावर तो कोयता चालला त्यास माझ्या वाईट वाटण्याचें काय?

कायद्याची स्थिति अशी आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालीं २०१६ सालीं जे नियम झाले, त्यांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचीं धारदार हत्यारें शस्त्रांच्या वर्गांत धरलीं आहेत, आणि घरगुती, शेतकी, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठीं बनविलेलीं त्यांतून वगळलीं आहेत. आपला अडीच-तीन इंची चाकू त्या मापाच्या कितीतरी आंत बसतो. एवढें वाचून आमचे कांहीं मित्र निश्चिंत होतात, तेथेंच चुकतें. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखालीं अधिकाऱ्यांस ठराविक मुदतीपुरती काठ्या, भाले, सुऱ्या वगैरे जवळ बाळगण्याची मनाई करतां येते, आणि मुंबईंत असे हुकूम वारंवार निघतात. सुरीचें पातें किती इंच, हा प्रश्न त्या कलमांत नाहीं. यांशिवाय रुग्णालय, न्यायालय, देऊळ, विमानतळ यांच्या दारांत ज्याचे त्याचे नियम. भुयारी मेट्रो २०२५ पासून गिरगांवाखालून आणि दादराखालून धांवूं लागली, तिच्या दारांतहि सामान तपासतात. गर्दीच्या शहरांत दारावरच्या मुलानें प्रत्येक म्हाताऱ्याचा हेतु ओळखावा अशी अपेक्षा धरणें मला रास्त वाटत नाहीं. तथापि जी वस्तु काढून घेतली तिची चिठ्ठी द्यावी, एवढी अपेक्षा रास्त आहे. परळच्या रुग्णालयांत साऱ्या महाराष्ट्रांतून शेतकरी येतात, कोणी यवतमाळचा, कोणी माणचा, आणि खिशांत चाकू, अडकित्ता, चुन्याची डबी असें घेऊनच येतात. त्यांच्या वस्तु खणांत पडून नाहींशा होणें बरें नव्हे. एक वही आणि शंभर बिल्ले, यापलीकडे खर्च नाहीं. रेल्वे स्थानकाबाहेर चप्पल शिवणाराहि बिल्ला देतो.

म्हणून सूनबाईंस माझें उत्तर असें कीं मुंबईंत चाकू घालून मी हिंडणार नाहीं, तुमचें बरोबर. परंतु वाडींत त्यावांचून हिंडणार नाहीं, आणि तुमचा नवराहि सुटींत तेथें आला कीं त्याच्या खिशांत तो असावा. त्याला तूर्त नारळाची शेंडीहि नीट काढतां येत नाहीं.

नवा चाकू मीं नागदेवी रस्त्यावरील हत्यारांच्या एका दुकानांतून घेतला. दोन पातीं, करवत, टोचा, पेचकस, आणि तो मळसूत्री आंकडाहि आहे. दुकानदारानें बिल द्यावयाचा कंटाळा केला, पण मीं तें घेतल्याशिवाय पायरी उतरलों नाहीं. लालबागेंत तो कपाटावरच्या पत्र्याच्या डब्यांत राहिला. आश्विनांत भावास घरीं सोडलें, त्यास घेऊन परळच्या एस.टी. स्थानकावरून निघालों, तेव्हां बिलासह कापडांत गुंडाळून तो पिशवीच्या अगदीं तळाशीं ठेवला होता. श्रीवर्धनास उतरल्यावर भावानें पहिली गोष्ट मागितली ती चाकू. वाटेंत घेतलेलें मोसंबें त्यास सोलावयाचें होतें.