नदीकाठानं नव्हे, नदीकडे

आमच्या दिघोरीचा माणूस पवनीला जातो तो सोयरिकीच्या निमित्तानं, नाहीतर कुणाच्या अस्थी घेऊन. विदर्भाची काशी म्हणतात ना! नुसतं फिरायला म्हणून कुणी जात नाही. बाहेरची मंडळी येतात ती उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात वाघ बघायला, आणि जिप्सीतून उतरली की परस्पर नागपूर गाठतात. २०१६ साली दिसेनासा झालेल्या 'जय' वाघाबद्दल त्यांना सगळं ठाऊक असतं, जगन्नाथ टेकडीबद्दल काही नाही. अशा या गावात मी अधूनमधून एखादी संध्याकाळ काढतो. घरच्यांना त्याचं नवल वाटतं.

माझा भाचा प्रागला असतो. त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा रोज संध्याकाळी व्ल्टावा नदीच्या काठानं चालणं व्हायचं. चार्ल्स पुलावर गर्दी अशी की मंडईची आठवण यावी. या पुलाचा पाया १३५७ सालचा. त्याआधीचा दगडी पूल १३४२च्या पुरानं नेला होता. काठाला उंच, चिरेबंदी भिंती, वर रुंद पदपथ आणि दिव्यांची रांग. पाणी शहरातल्या बंधाऱ्यांनी अडवून ठरावीक पातळीला ठेवलेलं. डोळ्यांचं पारणं फिटतं, खोटं कशाला बोलू? पण बराच वेळ चाललो तरी पाण्याला हात लागला नाही.

पवनीत उलट. इथे नदीला धरून चालायची सोयच नाही. जुन्या गावाभोवती मातीचा तट आणि खंदक, आणि उरलेल्या अंगाला वैनगंगा. जवाहर गेटातून आत शिरायचं. हे कोष्ट्यांचं जुनं गाव. इथली रेशीमकाठी वस्त्रं एके काळी नावाजलेली होती. गल्ली अरुंद होत उतरत जाते आणि घाटावर संपते. पुढच्या घाटाला जायचं तर पुन्हा चढून गावात यायचं, दुसरी गल्ली धरायची, पुन्हा उतरायचं. फणीच्या दात्यांतून बोट फिरवावं तसं हे चालणं. वैजेश्वराच्या घाटावरून दिवाण घाटावर जाईतो गुडघे बोलू लागतात, पण तेवढ्यात गावही बघून होतं: देवळं, ओट्यांवरच्या म्हाताऱ्या, आणि विदर्भाच्या अष्टविनायकांत गणला जाणारा सर्वतोभद्र गणेश.

जगन्नाथ टेकडी मात्र उजेड असतानाच गाठावी. १९६९-७०मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथे उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगतपती जोशी त्याचे प्रमुख. देवळाखालच्या टेकाडातून निघाला बौद्ध स्तूप, आणि त्याच्या कठड्याच्या खांबांवर मुचलिंद नाग. दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली. म्हणजे बाकड्यावर देणगीदाराचं नाव घालायची आपली हौस दोन हजार वर्षांची तरी आहे. चार्ल्स पुलाचा पहिला चिरा बसला तेव्हा पवनीतलं हे वैभव मातीखाली जाऊन कितीतरी शतकं उलटली होती. प्रागमध्ये पावलोपावली फलक आहेत. इथे ज्याला माहीत आहे त्यालाच दिसतं.

दिवेलागणीला घाटावर एक ढीवर आजोबा जाळ्यातला काडीकचरा काढत बसले होते. डोंगा पायरीशी बांधलेला. जाळं मांडीवर घेऊन एकेक घर बोटानं चाचपायचं, तुटलं असेल तिथे सुतळीची गाठ मारायची आणि दातानं टोक तोडायचं. नजर मात्र सारखी पाण्यावर. मासे काय म्हणतात, विचारलं.

"मासोऱ्यायचं सोडा जी. पयले उन्हाळ्यात रेतीवर डांगरवाडी लावत होतो. आता वरतून पानी कवा सुटते, तेचा नेम नाई."

वर म्हणजे गोसीखुर्द. १९८८मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालेलं, तेहतीस दरवाजांचं धरण पवनीच्या डोक्यावरच आहे. त्याच्याही वर, अंभोऱ्याला, कन्हान येऊन मिळते आणि नाग नदीतून आलेलं नागपूरचं सांडपाणी सोबत आणते. काशीत अंघोळ करायची म्हटली तरी आधी वास घ्यावा लागतो.

प्रागच्या वरही धरणांची माळ आहे. तरी ऑगस्ट २००२मध्ये व्ल्टावा शहरात शिरलीच. इकडे ऑगस्ट २०२०च्या अखेरीस मध्य प्रदेशातून पाण्याचा लोंढा आला, गोसीखुर्दचे तेहतीसही दरवाजे उघडले आणि वैनगंगेकाठची गावं पाण्याखाली गेली. धरणाच्या खाली राहणाऱ्यांचं नशीब सगळीकडे सारखंच. चार्ल्स पुलाजवळ काठाच्या भिंतीत एका दाढीवाल्याचा दगडी चेहरा बसवलेला आहे, ब्राडाच म्हणतात त्याला. पाणी दाढीला लागलं की शहरानं सामानाची आवराआवर करायची, ही जुनी रीत. पवनीत तेच काम पायऱ्या करतात. कितवी पायरी बुडाली यावरून घाटावरचा माणूस रात्री झोपायचं की जागायचं ते ठरवतो. उन्हाळ्यात पाणी पार तळाला गेलं तरी त्याच पायऱ्यांवरून कळशी भरता येते. भिंतीला हे जमत नाही.

हल्ली अंभोऱ्याच्या नव्या पुलावरची प्रेक्षक गॅलरी बघून आलेला प्रत्येक जण पवनीलाही 'रिव्हरफ्रंट' हवा म्हणतो. गुळगुळीत फरशी, रंगीत दिवे, सेल्फी पॉइंट. माझी मागणी फार स्वस्तातली आहे. घाटांचे उखडलेले चिरे पुन्हा बसवा, टेकडीवर मराठीत धड वाचता येईल असा फलक लावा, आणि दरवाजे उघडायच्या आधी भोंगा असा वाजवा की डोंग्यातल्या माणसाला ऐकू येईल. नागपूरचं सांडपाणी नागपूरनंच आवरावं. त्यासाठी पवनीकरांना मोर्चा काढायला लावू नका.