कोंबडीच्या खाद्यातले औषध

‘डॉक्टर, ब्रॉयलर खाल्लं तर चालेल ना? त्याला म्हणे हार्मोनची इंजेक्शनं देतात.’ ओपीडीत हा प्रश्न नेहमीचा. विचारणारी बहुधा आई असते आणि शेजारी वयात येणारी मुलगी. माझे उत्तर ठरलेले आहे: नाही देत. शेडमधल्या हजारो पक्ष्यांना टोचत बसणे कुणालाच परवडणार नाही. वाढीचे हार्मोन हे प्रथिन असते. खाद्यातून दिले तर ते पोटातच पचून जाईल. पाच-सहा आठवड्यांत पक्षी दोन किलोंच्या पुढे जातो, तो पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीमुळे आणि खाद्यामुळे.

माझी भीती वेगळी आहे. आयसीयूतल्या रुग्णाचा कल्चर रिपोर्ट येतो आणि एकेका अँटिबायोटिकपुढे ‘रेझिस्टंट’ लिहिलेले असते. उरते कोलिस्टिन. मूत्रपिंडाला त्रास देणारे हे जुने औषध आम्ही निरुपाय म्हणून वापरतो. तेच औषध आपल्याकडे कोंबड्यांच्या खाद्यात, वजन वाढावे म्हणून मिसळले जात होते. कोलिस्टिनला दाद न देण्याचा गुण एका जिवाणूतून दुसऱ्यात नेणारे जनुक चीनमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले. डुकरांत, दुकानातल्या मांसात आणि रुग्णांतही ते सापडले. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने पशुपक्ष्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. निर्णय योग्यच, पण प्रश्न एकाच औषधाचा नाही. थोड्या मात्रेत रोज दिलेले कोणतेही अँटिबायोटिक जिवाणूंना तालीमच देते. युरोपीय संघाने वाढीसाठीचा हा वापर २००६ पासून पूर्ण बंद केला. तिथले चिकन काही संपले नाही.

औषधाची गरज काही अंशी खाद्यातूनच निर्माण होते. ब्रॉयलरचे खाद्य म्हणजे मुख्यतः मका आणि सोयापेंड. पिल्लांच्या खाद्यात साधारण २२-२३ टक्के प्रथिने असतात. पक्ष्याला खरे तर लायसिन, मेथिओनिन अशी अमिनो आम्ले ठरावीक प्रमाणात हवी असतात. ती भरून काढायला नुसती पेंड वाढवली, तर जास्तीचा नायट्रोजन विष्ठेतून पडतो आणि शेडमध्ये अमोनियाने डोळे चुरचुरतात. न पचलेले प्रथिन आतड्याच्या टोकाला पोचले की क्लॉस्ट्रिडियमसारखे जिवाणू त्यावर पोसतात. आतडे बिघडते, आणि मग अँटिबायोटिक आलेच! प्रथिन थोडे कमी करून नेमकी अमिनो आम्ले आणि पचनाला मदत करणारी एन्झाइम्स घातली, तर हे बरेच टळते. तेव्हा ‘खाद्यात काहीतरी मिसळतात’ एवढ्यानेच दचकू नये. काय मिसळतात, ते विचारावे.

ते सांगणार कोण? करारावर पक्षी वाढवणाऱ्या शेतकऱ्याला पिल्ले आणि खाद्य कंपनीच देते. गोणीत काय आहे हे त्यालाच ठाऊक नसेल, तर त्याला दोष कसा द्यायचा? औषध असेल तर त्याचे नाव आणि मात्रा गोणीवर ठळक मराठीत छापलीच पाहिजे. आजारी पक्ष्यांवर उपचार जरूर व्हावेत; पण पशुवैद्यकाच्या चिठ्ठीने, आणि विक्रीपूर्वी ठरलेले दिवस औषध थांबवून.

चिकन सोडा, असे मी म्हणत नाही. क्षयाच्या रुग्णाला परवडेल तेवढी अंडी-चिकन खा, असे मीच सांगतो. त्या आईलाही तेच सांगितले: मुलीला खुशाल द्या, नीट शिजवून. फक्त कच्चे चिकन कापलेल्या सुरीने तशीच कोशिंबीर चिरू नका.