गोचीड, सिंह आणि आपली प्लीहा

खारघर, ऐरोली परिसरात राहणाऱ्या आपणांपैकी काहींनी तिन्हीसांजेला खारफुटीतून येणारी कोल्हेकुई ऐकली असेल. रानात वावरणाऱ्या कोल्ह्याला काय किंवा बिबट्याला काय, गोचीड काही चुकत नाहीत. त्यांच्या चाव्यावाटे ‘बॅबेसिया’ नावाचा सूक्ष्म परजीवी रक्तात शिरू शकतो आणि हिवतापाच्या जंतूप्रमाणे तांबड्या पेशींत ठाण मांडतो. तरीही अशी लागण झालेले रानातले बहुतेक प्राणी आजारी दिसत नाहीत. हे कसे?

त्यांचे शरीर या परजीवीचा समूळ नाश करीत नाही, त्याला धाकात ठेवते. बाधित पेशी प्लीहेच्या, म्हणजे पाणथरीच्या, चाळणीत अडकतात व तेथील भक्षक पेशी त्यांना गिळतात. थोडे परजीवी मागे उरतात. त्यांच्यामुळेच प्रतिकारशक्ती जागी राहते. गुरांमध्ये तर आणखी नवल दिसते. या रोगातून वासरे बहुधा तरून जातात आणि प्रथमच लागण झालेली प्रौढ जनावरे दगावतात. वासराच्या उपजत प्रतिकाराला आईच्या चिकाचे पाठबळ असते.

हा समतोल मोडतो तो दुसऱ्या आघाताने. आफ्रिकेतील सेरेंगेटीत १९९४ साली सुमारे एक तृतीयांश सिंह मेले. आधीच्या दुष्काळात खंगलेल्या रानम्हशींच्या अंगावर गोचिडांचा सुळसुळाट झाला होता आणि त्याच म्हशी सिंहांचे भक्ष्य ठरल्या. त्यातच डिस्टेंपर विषाणूची साथ आली. त्या विषाणूने प्रतिकारशक्ती खच्ची केली आणि एरवी निमूट असणारा बॅबेसिया रक्तात बेसुमार वाढला. आपल्याकडे गीरमध्ये २०१८ साली दलखाणिया भागात २३ सिंह दगावले, तेव्हाही हे दोन्ही रोग आढळले होते.

घरच्या कुत्र्याचा बॅबेसिया माणसाला सहसा होत नाही, तेव्हा मोतीला घराबाहेर काढण्याचे कारण नाही. माणसांत हा आजार अमेरिकेत अधिक आढळतो. आपल्याकडे तो विरळाच. मात्र तो गंभीर होतो तो पन्नाशी उलटलेल्यांत, प्लीहा काढलेल्यांत व प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांत. ही यादी आपल्या घरांतलीच नव्हे काय?

डोंगराकडून फिरून आल्यावर काखा, जांघा, कानामागची जागा पाहावी. वृद्धांच्या बाबतीत हे काम शुश्रूषा करणाऱ्याने करावे. गोचीड आढळल्यास चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ, सावकाश ओढावा. घासलेट ओतणे, उदबत्तीचा चटका देणे हे जुने उपाय कटाक्षाने टाळावेत. चाव्याची तारीख लिहून ठेवावी व पुढील काही आठवड्यांत ताप, अतिशय थकवा वा गडद लघवी झाल्यास ती डॉक्टरांना सांगावी. प्लीहा काढलेली असेल तर तेही प्रत्येक नव्या डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. पंचवीस वर्षांपूर्वीची शस्त्रक्रिया पुष्कळदा घरच्यांच्याही लक्षात नसते.