माथेरानच्या जुन्या वाटा

माथेरान म्हटलं की आपल्या घरांत आधी आठवते ती नेरळची छोटी गाडी. त्यात थोडा अभिमानही असतो. मुंबईचे सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा पुरवला आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात हा रेल्वेमार्ग बांधून काढला. रुळांतलं अंतर अवघं दोन फूट!

पण गाडी येण्याच्या कितीतरी आधीपासून माणसं हा डोंगर चढत होती. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरान ‘शोधलं’, असं आपण वाचतो. साहेब चौकच्या बाजूनं वर आले, तेव्हा या रानात धनगर, ठाकूर, कातकरी राहतच होते. त्यांच्या पायांनी पडलेल्या वाटा आजही आहेत. काही मोकळ्या, काही कारवीच्या झुडपांत बुडालेल्या.

गेले दोन हिवाळे आम्ही काही कुटुंबांतली मंडळी या वाटा शोधत आहोत. तरुण मुलं-मुली धावतात, आम्ही मोठी माणसं झपझप चालतो. रानवाटेवरच्या धावण्याला हल्ली ‘ट्रेल रनिंग’ म्हणतात. त्यासाठी मैदान, फी, यंत्रं काही लागत नाही. मात्र वाट लागते, आणि वाट पायांवर जगते. दस्तुरी नाक्यापर्यंत मोटारी जाऊ लागल्या, घरोघरी गॅस आला, मोळीसाठी रानात जाणं कमी झालं. पाऊलच पडलं नाही, तर दोन-तीन पावसाळ्यांत झुडपं वाट गिळून टाकतात.

मग हरवलेली वाट ओळखायची कशी? जुनी वाट सहसा डोंगरावर सरळ चढत नाही. ती वळणं घेत, ओझेवाल्याला दम लागणार नाही अशा बेतानं जाते. दगड झिजून गुळगुळीत झालेले असतात. मोठ्या जांभळाखाली किंवा पाण्याजवळ बसायला सपाट जागा सापडते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावर पायवाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात, त्यांचाही उपयोग होतो.

तरी खरा नकाशा पायथ्याच्या वाडीतल्या आजीबाईंकडे असतो. डोक्यावर दूध, भाजी, लाकूड घेऊन ज्या वर चढल्या, त्यांना पाणी कुठे टिकतं, कुठला उतार पावसात सुटतो, हे ठाऊक असतं. त्यांच्या नाती आता शहरात कामाला जातात. आजीला आज विचारलं नाही, तर उद्या सांगायला कोणी उरणार नाही. म्हणून वाडीतलाच माणूस वाटाड्या म्हणून घ्यावा आणि त्याला मेहनताना द्यावा.

काही गोष्टी पक्क्या ठरवून घ्या. पावसाळ्यात या वाटांवर धावू नये. दगडावर शेवाळ असतं, दरड येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. फज्रनंतर निघालं की ऊन चढण्याआधी बराच पल्ला होतो. नवी वाट पहिल्यांदा चालूनच पाहावी. चढावर चालणं यात कमीपणा नाही, सरावलेले धावपटूही चालतात. उतारावर छोटी पावलं टाकावीत. माणशी दोन लिटर पाणी, खजूर-शेंगदाणे आणि एक शिट्टी जवळ असावी. एकट्यानं जाऊ नये, आणि कुठल्या वाटेनं जाणार ते घरी सांगून निघावं. वळण टाळून मधूनच उतरू नये. तिथली लाल माती पहिल्याच पावसात वाहून जाते आणि वाटेसकट झाडही जातं.

राहिला मुलींचा प्रश्न. ‘रानात पोरीबाळींचं काय काम?’ असं अजून कुठे कुठे ऐकू येतं. आमच्याबरोबरच्या मुली पूर्ण बाह्यांचा कुर्ता, सलवार आणि घट्ट बसणारी ओढणी घालून धावतात. काटेकुटे लागत नाहीत, उन्हाचा त्रासही कमी होतो. चांगली पकड असलेले बूट तेवढे हवेत. अब्बा किंवा भाऊ सोबत आले तर उत्तमच. त्यांच्याही पोटाचा घेर थोडा कमी होईल!

डोंगर फक्त माथेरानलाच आहे असं नाही. तुमच्या गावामागच्या टेकडीवरूनही एखादी वाट आजोळला, बाजाराला, दर्ग्याला जात असेल. येत्या रविवारी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला तिच्याविषयी विचारा. मुलांना त्या वेळी जवळ बसवा, आणि हिवाळा सरण्याआधी ती वाट एकदा पायाखाली घाला.