बुराकाचा वेग मोजणारे

रज्जब महिन्याची २७वी रात्र, म्हणजे शब-ए-मेराज, जवळ आली की दोन प्रकारचे पंडित जागे होतात. पहिला विचारतो, “मक्केहून जेरुसलेम, तिथून सात आसमाने, आणि एका रात्रीत परत? कसे शक्य आहे?” दुसरा लगबगीने आइन्स्टाइनला साक्षीला बोलावतो आणि पैगंबरांचे ते दिव्य वाहन, बुराक, विज्ञानाच्या तबेल्यात नेऊन बांधतो. मला विचाराल तर हे दोघे सख्खे भाऊ! दोघांच्या हाती फूटपट्टी एकच.

जुने लोक यांच्याहून मोकळ्या मनाचे होते. कुराणाच्या १७व्या सुरेची पहिली आयत या रात्रीच्या प्रवासाचा उल्लेख मोजक्या शब्दांत करते. बाकीचा तपशील हदीस आणि चरित्रकथांतला. आठव्या शतकातील चरित्रकार इब्न इसहाक याने, देह जागचा हलला नाही, प्रवास आत्म्याचा होता, हे आयेशांच्या घराण्यातून आलेले मतही नोंदवले. पुढे तबरीने सदेह प्रवासाचा पक्ष हिरीरीने मांडला; बहुतेकांनी तोच मानला. परंतु तबरीनेही विरुद्ध मत दडवले नाही. आधी उतरवून घेतले, मग खोडले.

या वेगाच्या वादात कथेचा गाभा मात्र हरवतो. वर आज्ञा झाली ती दिवसाला ५० वेळा नमाजाची. परतताना मूसा भेटले. इस्राएलच्या लोकांना सांभाळताना त्यांचा जीव मेटाकुटीस आलेला. ते म्हणाले, तुमच्या माणसांना हे झेपायचे नाही, कमी करून आणा. पैगंबर मागे फिरले. एकदा नव्हे, अनेकदा. ५ उरल्यावर आणखी मागण्याची त्यांना लाज वाटली. आणि त्या ५ चे पुण्य ५० इतकेच ठरले.

मी पेशाने शिक्षक. वर्गातल्या सर्वांत दुबळ्या पोराला पेलेल तोच नियम खरा, हे मला रोज फळ्यापुढे उभे राहून कळते. म्हणूनच ही घासाघीस मला प्रकाशाच्या वेगाहून थोर वाटते. खाली राहिलेल्यांसाठी कोणी वर रदबदली करतो, आणि ती ऐकली जाते, याहून मोठा चमत्कार कोणता?

धर्माचे ओझे दिवसेंदिवस वाढवणारे सर्वच पंथांत आहेत. चमत्काराचा अभिमान मिरवण्यात तेच पुढे! त्यांना माझा एकच सवाल आहे : स्वर्गातून जे हलके करून आणले, ते पुन्हा जड करण्याचा अधिकार तुम्हांला दिला कोणी?